२००२ च्या आधीही खासगी एफएम होतं

मुंबईत खासगी एफएम २००२ ला सुरू झालं हे खासगी एफएम रेडिओवरच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. स्वतंत्र स्टेशनं तेव्हा आली, मान्य, पण १९९३ पासून खासगी कंपन्या आकाशवाणीच्याच एफएमवर स्लॉट विकत घेऊन कार्यक्रम करायच्या, टाइम्स एफएम त्यातलंच, आमच्याकडे संध्याकाळी तेच लावलेलं असायचं आणि बोलल्यासारखं बोलणारे निवेदक आम्ही पहिल्यांदा तिथेच ऐकले. १९९८ ला ते स्लॉट बंद झाले तेव्हा खरंच वाईट वाटलेलं.

दुसरं म्हणजे या स्वतंत्र खासगी स्टेशनांच्या सुरुवातीच्या तोट्याचं कारण सरकारला द्यायची लायसन्स फी, ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची, जाहिराती मिळोत न मिळोत. २००५ च्या सरकारी धोरणात त्याऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के फी असं सूत्र आलं, हे लेखात यायलाच हवं होतं.