२० डिसेंबर २०२५ च्या आकाशदर्शनाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि सकाळी ठाण्यातलं माझं टेलिस्कोपचं दुकान उघडायच्या आधी परत वाचला. इतरांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. जाहिरातीत आकाशगंगेचा फोटो होता, प्रत्यक्षात ती दिसली नाही. शनी मोहरीएवढा दिसला आणि त्याला कडी नव्हती. मोबाईल काढला म्हणून तुमच्या मुलाला सगळ्यांसमोर ओरडले. जेवण साडेदहाला मिळालं. आणि रविवारी तुम्ही टेलिस्कोप घ्यायला दुकानात आलात तेव्हा मी तो दिला नाही. "विकायचं नसेल तर दुकान कशाला उघडलंय?" असं तुम्ही विचारलं आहे.

फोटोबद्दल तुमचं बरोबर आहे. तो खोटा नाही, टोकावड्याच्या पुढच्या त्याच माळरानावर काढलेला आहे. पण काढलाय मार्चमध्ये, पहाटे साडेचारच्या सुमारास, कॅमेरा वीस सेकंद उघडा ठेवून. आकाशगंगेचा जो दाट, उजळ भाग फोटोत दिसतो तो तिच्या मध्याकडचा, धनू आणि वृश्चिकेच्या बाजूचा. आपण गेलो तेव्हा धनुर्मास सुरू झाला होता, म्हणजे सूर्यच धनू राशीत होता. त्या आठवड्यात तर तो आकाशगंगेच्या मध्याच्या जवळजवळ समोरच असतो. म्हणजे तो भाग दिवसभर आपल्या डोक्यावर होता आणि सूर्याबरोबरच मावळला. हिवाळ्यात संध्याकाळनंतर दिसते ती तिची बाहेरची, फिकट बाजू. शर्मिष्ठा तारकासमूहापासून ब्रह्महृदय ताऱ्याजवळून मिथुन आणि मृगाच्या मधून खाली उतरणारी. सवय नसलेल्या डोळ्याला ती विरळ ढगासारखी वाटते. हे मला माहीत होतं. तरी मार्चच्या फोटोवर मी डिसेंबरची सहल विकली. फोटो काढून टाकला आहे. यापुढे ज्या महिन्याची सहल, त्याच महिन्याचं आकाश जाहिरातीत दिसेल आणि नुसत्या डोळ्यांना काय दिसेल तेही खाली लिहिलेलं असेल.

तुमच्या मुलाची माफी मला वेगळी मागायची आहे. मोबाईल बंद ठेवा हे सांगणं गरजेचंच असतं. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या उजेडात ती क्षणात जाते. मग तिथल्या प्रत्येकाची वीस मिनिटं परत सुरू. पण दहा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगायचं असतं, वीस माणसांदेखत ओरडायचं नसतं. ओरडणाऱ्या आमच्या मदतनीस पोरानं चूक कबूल केली आहे. पुढच्या वेळेपासून प्रत्येक मुलाच्या हातात लाल जिलेटीन लावलेला छोटा टॉर्च देणार आहोत, लाल उजेडानं डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. खरं म्हणजे हे आधीच करायला हवं होतं.

जेवणाचं कारण सांगत बसत नाही. बस तीन हात नाक्यावरून उशिरा निघाली आणि पुढचं सगळं गडबडलं. तुम्हा तिघांच्या जेवणाचे पैसे परत पाठवले आहेत.

आता शनी. इथे मात्र मला आमची बाजू मांडायची आहे, कारण त्या रात्री तुम्ही पाहिलंत ते फार कमी लोकांना पाहायला मिळतं. शनीची कडी साधारण पंधरा वर्षांनी एकदा आपल्याला बरोबर धारेवरून दिसतात. तसं २३ मार्च २०२५ ला झालं आणि वर्ष संपेपर्यंत ती जवळजवळ त्याच कलात होती. पुस्तकातल्या चित्रासारखी ताटलीभर पसरलेली कडी हवी असतील तर थांबावं लागेल, २०३२ च्या सुमारास ती सगळ्यात जास्त उघडलेली असतील. तुम्हाला दिसली ती गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजेच कडी. मी तिथे उभा राहून हे नीट सांगायला हवं होतं, पण मागे रांग होती, घाई झाली.

आणि आकाराचं म्हणाल तर शनी आपल्यापासून सुमारे १४० कोटी किलोमीटरवर होता. आठ इंची टेलिस्कोपमधून शंभर पट मोठा केला तरी तो नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढाच दिसतो. आणि चंद्र तरी केवढा? हात लांब करून चिमटीत मटारचा एक दाणा धरा, चंद्र त्याच्यामागे झाकला जातो. घरी करून बघा, मुलाला आवडेल. टेलिस्कोपमधून फोटोसारखं दिसत नाही हे मी बसमध्येच सांगायला हवं. मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळ ढग, तोही डोळ्याला राखाडीच दिसतो, कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. पण तो उजेड सुमारे १,३०० वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो, आणि कुठल्याही पडद्यावरून न येता थेट तुमच्या डोळ्यात पडतो. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

राहिला टेलिस्कोप. रविवारी तुम्ही पैसे घेऊन आला होतात आणि मी तुम्हाला परत पाठवलं, त्याचा राग मी समजू शकतो. तुम्ही सांगितलंत की घर घोडबंदर रोडला, बाराव्या मजल्यावर, बाल्कनी पूर्वेला, गच्ची सोसायटीनं कुलूपबंद ठेवलेली. आणि तुम्हाला हवा होता तो '५२५ पट' लिहिलेला खोक्यातला टेलिस्कोप, जो मी ठेवतही नाही. त्याच्या साठ मिलिमीटरच्या भिंगातून कामाचं असं फार तर १२० पट मोठं दिसतं. त्यापुढे नुसतं धुरकट, थरथरणारं चित्र. त्याची तिपाई तर बोट लावलं तरी हलते. मुलगा दोन रात्री झटेल, तिसऱ्या रात्री कंटाळेल, आणि त्याला वाटेल की आपल्यालाच जमत नाही.

असे टेलिस्कोप माझ्याकडे परत येतात, ताई. माळ्यावरून काढलेले. मागच्या महिन्यात एक गृहस्थ घेऊन आले. झाकण काढलं तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, मधोमध, बारीक फांद्या फुटलेली. खाडीकाठची आपली दमट हवा आणि चार पावसाळे बंद खोक्यात. पुसून ती जात नाही, ती काच खात जाते. त्यांनी तो मुलीच्या वाढदिवसाला घेतला होता. मुलगी आता कॉलेजात आहे.

ठाण्यातून काहीच दिसत नाही असं मात्र मी तुम्हाला म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. शहराचा उजेड आकाशगंगा गिळतो, देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या शेजारची दुसरी आकाशगंगा, तीही गिळतो. पण चंद्राला आणि ग्रहांना त्याचा जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तुमची बाल्कनी पूर्वेला आहे, खाडीच्या अंगाला, आणि हे दिवस त्यासाठी अगदी योग्य आहेत. १० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे इकडे सूर्य मावळला की तिकडे पूर्वेला गुरू उगवतो. त्याआधी ३ तारखेला पौष पौर्णिमा आहे, त्या संध्याकाळी चंद्र आणि गुरू शेजारी-शेजारी वर येतील. मुलाला शोधून द्यावंही लागणार नाही.

त्यासाठी दहा बाय पन्नासचा बायनॉक्युलर पुरतो. दहा पट मोठं दाखवतो आणि पुढची काच पन्नास मिलिमीटरची. कोपरं कठड्यावर घट्ट टेकवा, श्वास रोखा, गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं पाहिले ते हेच चंद्र. रोज संध्याकाळी वहीत त्यांची जागा काढायला सांगा, दुसऱ्या दिवशी ते हललेले असतात. जानेवारीअखेरही वही चालू असेल तर टेलिस्कोप घ्यायला या, मी स्वतः निवडून देईन आणि बाल्कनीत येऊन लावून देईन.

बायनॉक्युलर विकतच घ्या असंही नाही. दुकानातला एक महिनाभर घेऊन जा, पैसे नकोत. येऊरला मात्र रात्री नेऊ नका त्याला, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. अंधारं आकाश पाहायचं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्येजवळचा शनिवार बघा. आमच्याच बसनं यायला हवं असंही नाही. खगोल मंडळ या आकाशनिरीक्षकांच्या संस्थेची मंडळी वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतात, तिथे शिकायला खूप मिळतं. आणि एखाद्या दुपारी वरळीच्या नेहरू तारांगणात त्याला नक्की न्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. ओरडा खाल्ल्यावर तुमचा मुलगा माझ्याजवळ सतरंजीवर येऊन झोपला होता. कृत्तिका, म्हणजे तो ताऱ्यांचा छोटा पुंजका, डोक्यावर आल्या होत्या. मी त्याला म्हटलं, मोज. त्यानं बराच वेळ घेतला आणि नऊ सांगितल्या. माझ्या डोळ्यांना आता सातच दिसतात. ठाण्यात कुठल्या भागातून किती कृत्तिका दिसतात याची मी एक वही ठेवतो, नौपाड्यातल्या माझ्या गच्चीवरून बहुतेक रात्री चार, फार तर पाच. घोडबंदर रोडची पानं रिकामी आहेत. तुमच्या बाल्कनीतून संध्याकाळी सातच्या सुमारास त्या पूर्वेला चांगल्या वर आलेल्या असतात. घरातले दिवे बंद करून त्याला मोजायला सांगा आणि आकडा तारखेसकट मला कळवा.