मंगळवारची मध्यरात्र, पण कुठली?

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, भिशीच्या आणि सासरच्या. 'अमेरिकेत फिरताना देशांतर्गत विमानप्रवास निम्म्या पैशांत! कंपन्या लपवतात ती गुपितं!' खाली हात जोडलेले तीन इमोजी. उन्हाळ्यात निम्मं कोथरूड न्यू जर्सी नाहीतर बे एरियात मुलांकडे जातं, तेव्हा असला मजकूर फिरणारच. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची तिकडची तिकिटं गेली काही वर्षं मीच काढून देते. हौस म्हणा, खोड म्हणा. त्या फॉरवर्डमधल्या बऱ्याचशा 'गुपितां'नी पैसे वाचत नाहीत, काही तर चांगलेच महागात पडतात. म्हणून एकेक घेते.

'तिकीट मंगळवारी मध्यरात्री काढा.' कुणाच्या मध्यरात्री? पुण्यात मंगळवारी रात्रीचे बारा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला मंगळवारचीच दुपार असते, अडीचची. कॅलिफोर्नियात तर सकाळचे साडेअकरा. या समजुतीला एके काळी थोडा आधार होता. कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला सेल जाहीर करायच्या आणि मंगळवारपर्यंत बाकीच्याही दर खाली आणायच्या. आता दर दिवसभर हलत असतात. मंगळवारचा उपयोग आहे, पण तो उडण्यासाठी. शुक्रवारी आणि रविवारी सुट्टीवाल्यांची गर्दी, सोमवारी सकाळी ऑफिसवाल्यांची. मंगळवार-बुधवार त्यामानाने मोकळे, म्हणून बहुधा स्वस्त. शिवाय बऱ्याच स्वस्त दरांना 7, 14 किंवा 21 दिवस आधी काढण्याची अट असते. विसावा दिवस उजाडला की 21 दिवसांवाला दर गेला, मग वार कुठलाही असो.

'इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) बघा, नाहीतर कंपनी तुम्हाला ओळखून दर वाढवते.' हे सगळ्यांना पटतं, कारण अनुभव येतो: सकाळी पाहिलेला दर संध्याकाळी वाढलेला असतो. पण कारण दुसरं आहे. विमानातल्या सारख्याच दिसणाऱ्या खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात कुणीतरी दोन तिकिटं घेतली, इतकंच.

याच कप्प्यांची एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्याला सुचली नाही. मागे बहिणीच्या कुटुंबासाठी लास व्हेगास ते सॅन फ्रान्सिस्को बघत होते. चौघांसाठी शोधलं तर माणशी 128 डॉलर. सहज प्रवाशांची संख्या दोनवर आणली, तर माणशी 89. स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या होत्या, आणि चारही एकत्र मागितल्या की यंत्रणा चौघांनाही वरच्या कप्प्याचा दर लावते. मग दोन-दोनची वेगळी बुकिंगं केली आणि 78 डॉलर वाचले. एक धोका आहे. विमान रद्द झालं तर दोन बुकिंगांना दोन वेगळी विमानं मिळू शकतात. म्हणून आई एका बुकिंगमध्ये आणि तिची औषधं सांभाळणारा दुसऱ्यात, असं करू नका.

'साउथवेस्टने जा, दोन बॅगा फुकट.' होत्या. 28 मे 2025 पासूनच्या बुकिंगला साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीने साध्या तिकिटावर पहिल्या बॅगेचे 35 आणि दुसरीचे 45 डॉलर लावायला सुरुवात केली. म्हणजे नवरा-बायको आणि चार बॅगा मिळून एका बाजूचे 160 डॉलर. हा फॉरवर्ड किती जुना आहे ते यावरूनच कळावं.

'सर्वांत कमी आकडा दिसेल तेच घ्या' हाही असाच सल्ला. फ्रंटियर या विमान कंपनीच्या स्वस्त भाड्यात सीटखाली मावेल एवढी पिशवीच येते, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचे पैसे वेगळे. युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमीतही (म्हणजे त्यांच्या सर्वांत स्वस्त तिकिटातही) देशांतर्गत मार्गावर तसंच. ट्रॉली बॅग ही आपली जन्मजात केबिन बॅग, त्यामुळे लोक ती ओढत थेट गेटपर्यंत जातात. डेन्व्हरला माझ्या दिरांचं असंच झालं. गेटवर उभ्या असलेल्या बाईंनी बॅग मापाच्या चौकटीत घालायला सांगितली. भावजींनी भाकरवडीची पाकिटं काढून दोन्ही कोटांच्या खिशांत कोंबली, तरी चाकं बाहेरच. गेटवर जे पैसे मोजले ते तिकिटाच्या निम्म्याहून जास्त होते. तेव्हा दरांची तुलना बॅग धरूनच करायची.

'आंतरराष्ट्रीय तिकीट फक्त न्यूयॉर्कपर्यंत काढा, पुढचं वेगळं, स्वस्त पडतं.' फिरायच्या मधल्या प्रवासांना हे ठीक. पण उतरल्या उतरल्या पुढे जायचं असेल तर तो टप्पा मूळ तिकिटातच घ्यावा. एकाच तिकिटावर सामानाचा नियम साधारणपणे सुरुवातीच्या कंपनीचा शेवटपर्यंत चालतो. मुंबईहून 23 किलोच्या दोन बॅगा मान्य असतील तर ऑस्टिनपर्यंत त्याच मान्य. आणि मुंबईचं विमान उशिरा पोहोचलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीच्या गळ्यात. वेगळं तिकीट असेल तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत.

'एकदा काढलेलं तिकीट बदलत नाही, म्हणून शेवटपर्यंत थांबा.' हा सगळ्यांत घातक. अमेरिकी सरकारचा नियम आहे: उड्डाणाला सात किंवा अधिक दिवस असताना विमान कंपनीकडे थेट बुकिंग केलं, तर 24 तास तोच दर विनापैसे राखून ठेवायची, नाहीतर तेवढ्या वेळात दंडाशिवाय रद्द करू द्यायची सोय कंपनीला द्यावीच लागते. हे मधल्या साइट्सना लागू नाही. आमच्या शेजारच्या काकूंच्या तिकिटावर नाव आणि आडनाव उलटसुलट पडलं होतं. तिकीट एका मधल्या साइटवरून चार डॉलर वाचवून काढलेलं. कंपनी म्हणे साइटला विचारा, साइट म्हणे कंपनीला. शेवटी नवीन काढलं. (कार्डाचंही लक्षात असू द्या. आपल्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार आणि त्यावर जीएसटी लागतो.)

राहिलं शेवटचं, ज्यावर सगळ्यात जास्त अंगठे आले होते: 'डल्लासला जायचंय? डल्लासवरून पुढे जाणारं स्वस्त तिकीट काढा आणि मध्येच उतरा.' असं स्वस्त पडतं, कधीकधी बरंच. पण चेक-इन केलेली बॅग डल्लासला उतरत नाही, ती पुढच्या गावी जाते. कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही. आणि एक टप्पा चुकवला की त्या बुकिंगमधले पुढचे सगळे टप्पे रद्द होतात. परतीचं तिकीट त्यातच असेल, तर डल्लासहून निघायच्या दिवशी काउंटरवर ते नसतंच.