जादा तास लावण्याआधी नववीची उत्तरपत्रिका उघडा

सहामाहीचे पेपर तपासून झाले की आपल्याकडच्या बहुतेक शाळांत एकच निर्णय होतो, जादा तास. दहावीला सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि नववीचं नंतर बघू. सातारा-सांगलीतल्या शिक्षकांना, पालकांना आणि शाळा समितीवर बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम बदला. आधी नववी घ्या. आणि तास वाढवायच्या आधी कोणतं मूल नेमकं कुठं अडलंय ते बघा.

आठवीपर्यंत मूल वर्गामागून वर्ग पुढं येत राहतं. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, पण तीन-चार वर्षं साचलेला कच्चेपणा एका परीक्षेनं निघत नाही. नववीत गणिताचे दोन भाग होतात, विज्ञानाचे शब्द जड होतात आणि सहावी-सातवीत राहून गेलेलं सगळं एकदम अंगावर येतं. दहावीच्या जानेवारीत हे उकरायला वेळ नसतो. तेव्हा मग पाठांतर आणि ‘हमखास येणारे प्रश्न’ एवढंच हातात राहतं.

एक उदाहरण घेऊ. 5एक्स − 3वाय = 8 आणि 3एक्स + वाय = 2. मुलानं दुसऱ्या समीकरणाला 3 ने गुणलं, 9एक्स + 3वाय = 6 असं व्यवस्थित लिहिलं. बेरीज करताना 14एक्स बरोबर आलं, पण −3वाय आणि +3वाय यांचं शून्य व्हायच्या ठिकाणी त्यानं −6वाय मांडलं. पुढचं सगळं कोसळलं. पेपरावर लाल फुली पडते आणि शेरा येतो, ‘समीकरणे कच्ची’. मुलाला समीकरणाची रीत येते! अडलंय ते सहावीतल्या पूर्णांक संख्यांच्या बेरजेत. त्याला समीकरणांचा अख्खा धडा पुन्हा शिकवला तर तो त्याच जागी पुन्हा अडखळेल, आणि आपल्याला गणित जमतच नाही असं स्वतःबद्दल ठरवून टाकेल. संख्यारेषा काढून रोज 20 मिनिटं चिन्हांचा सराव घेतला तर साधारण दोन-तीन आठवड्यांत हे सुटतं.

म्हणून नववीच्या प्रत्येक मुलाला अर्ध्या कागदावर दहा गणितं द्या. ऋण संख्यांच्या बेरजा दोन, ऋण संख्यांच्या वजाबाक्या दोन, अपूर्णांकांची दोन, दशांश गुणाकार एक, तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येनं भागायचं एक, शेकडेवारीचं एक, साधं समीकरण एक. वेळ 20 मिनिटं. गुण देऊ नका आणि वर्गात नावं वाचू नका. कच्चं काम खोडायचं नाही, हे आधीच सांगा, कारण आपल्याला उत्तरापेक्षा तेच बघायचं आहे. 3/4 + 1/2 चं उत्तर 4/6 लिहिणारं मूल आणि छेद समान करून पुढं 3 + 2 मध्ये चुकणारं मूल, दोघांचंही उत्तर चूक. पण एकाला अपूर्णांक कळलेला नाही आणि दुसऱ्याची नुसती गडबड झालेली आहे. शंका आली तर मुलाला जवळ बसवून तेच गणित मोठ्यानं बोलत सोडवायला सांगा. मधे दुरुस्ती करायची नाही. हे पाळणं आपल्याला सगळ्यात अवघड जातं.

मग गट करा, एका गटात आठ-दहा मुलं. गट चुकीच्या प्रकारावरून पाडा, टक्क्यांवरून नको. दर पंधरा दिवसांनी गट बदलायला हवेत, नाहीतर ‘ढ पोरांचा गट’ अशी ओळख पडते आणि त्यातली मुलं यायची बंद होतात.

वाचनाचंही असंच तपासा, मात्र एकेकट्याला बाजूला घेऊन. इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचू दे आणि काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत सांगू दे. काही मुलं अक्षर अक्षर लावत वाचतात. त्यांना रोज दहा मिनिटं, एकच उतारा सलग तीन दिवस, असं वाचायला लावा. काही मुलं घडाघडा वाचतात आणि कळलेलं काहीच नसतं. त्यांच्याशी पाठ सुरू करण्याआधी पाच-सहा अवघड शब्द बोलून घ्यावे लागतात. जतच्या सीमेकडच्या गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी असं असतं. तिथल्या मुलाचा भूगोल कच्चा नसतो, प्रश्नातला ‘कारणमीमांसा’ हा शब्द आडवा येतो. आणि तोंडी सगळं नीट सांगणारं मूल लिहिताना सारखी अक्षरं गाळत असेल, उलटसुलट करत असेल, तर ‘आळशी’ म्हणण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. तपासणीच्या तारखा आणि कागदपत्रं यांत वेळ जातो, म्हणून हे नववीतच सुरू करायचं.

आता वेळेचं. पाटण, जावळी, माण, आटपाडी, कुठंही बघा, शाळा सुटल्यावर तास ठेवला की ज्यांना त्याची खरी गरज तीच मुलं नसतात. त्यांची एसटी निघून जाते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण साडेपाचची गाडी गेल्यावर पुढची अंधारात असेल तर घरचे थांबू देत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. मदतीचा तास शाळेच्या वेळेत बसवा. परिपाठानंतरची 20 मिनिटं किंवा मधल्या सुट्टीला जोडून एक अर्धी तासिका पुरते. वेळापत्रक लावणाऱ्या सरांना त्रास होतो हे मान्य आहे, तरीही.

घरचं माहीत असल्याशिवाय हे पुरं पडत नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडं कितीतरी मुलांचे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परराज्यात असतात. पाटण-जावळीकडं मुंबईत माथाडीला. मूल आजीजवळ. पालकसभेला आजी येते, सही करते, जाते. अशा वेळी वडलांना रविवारी दहा मिनिटं फोन करा. गुण सांगत बसू नका, कारण तिकडून तो शिव्या घालण्यापलीकडं काही करू शकत नाही. हजेरी किती, या पंधरवड्यात काय सुधारलं आणि आज रात्री मुलाला कोणती एक गोष्ट विचारायची, एवढंच सांगा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं हंगामात आपल्याच फडांवर असतात. ती मोठी झाली की शाळेच्या हिशोबातूनच सुटतात. त्यांना किमान वर्गात बसू द्या आणि त्यांच्या मूळ शाळेला कळवा.

फळा दिसत नसेल तर ते बहुतेक मुलं सांगत नाहीत, शेजारच्याच्या वहीतून उतरवतात. शेवटच्या बाकावरून एक ओळ वाचून घेतली की कळतं. दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलीसाठी शाळेत पाणी, कडी असलेलं स्वच्छतागृह आणि पॅडची सोय आहे का, हे आधी बघा.

मूल अचानक गप्प झालं, वही मधेच कोरी राहू लागली, डबा तसाच परत जाऊ लागला, ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं बोललं, तर वर्गात विचारू नका. बाजूला घ्या आणि ऐकून घ्या. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं ती कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, आणि मोडलेल्या वचनानंतर ते मूल पुन्हा कुणाशी बोलणार नाही. ‘तुझ्या सुरक्षेसाठी गरज पडली तर योग्य माणसालाच सांगेन, आणि आधी तुला सांगून,’ एवढं खरं बोलता येतं. मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन 1098 आणि मनाच्या त्रासासाठीची टेलिमानस 14416 हे नंबर वर्गात भिंतीवर मोठे लिहून ठेवा. जीव द्यायची भाषा असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी घरच्यांना बोलवून घ्या.

पैशाचा भागही नववीतच हातचा जातो. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, नववीतून दहावीत पहिल्याच फटक्यात पास व्हावं लागतं आणि अकरावीत ती चालू राहायला दहावीला 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 55. शाळेच्या दाखल्यावरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही, खातं बंद पडलेलं असतं, नूतनीकरणाची तारीख निघून जाते, असल्या कारणांनी पैसे अडकतात. जूनमध्येच एका शिक्षकाकडं ही यादी द्या.

गावातल्या अभ्यासिकांबद्दलही एक सूचना. भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांनी त्या भरलेल्या असतात आणि नववीच्या मुलाला तिथं कोण बसू देत नाही. ग्रामपंचायतीनं संध्याकाळी सात ते नऊ एक कोपरा माध्यमिकच्या मुलांना राखून द्यावा, आणि त्याच मोठ्या पोरांपैकी एकानं आळीपाळीनं अर्धा तास गणित बघावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते याच जिल्ह्यात; मुलाला निवांत बसायला जागा आणि विचारायला माणूस लागतं हे आपल्याकडं नव्यानं सांगायला नको.

दहावीचा निकाल लागला की नापास झालेल्यांना शाळेनं त्याच आठवड्यात फोन करावा. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैतच असते. फॉर्म शाळेतून भरायचा असतो आणि मुदत फार थोडी असते. पण लाजेनं मूल शाळेकडं फिरकत नाही, तेवढ्यात घरचे त्याला कुठंतरी कामाला लावतात किंवा मुलीला स्थळं बघू लागतात. फोन मुख्याध्यापकांपेक्षा त्या मुलाच्या आवडत्या शिक्षकानं करावा, आणि मार्कांचं बोलण्याआधी फॉर्मची शेवटची तारीख सांगावी.