लिंबू-मीठ राहू दे, आधी पोटाखालचं भोक बघ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची पाळी सुटली की अनगोळच्या कोपऱ्यावरचा कट्टा भरतो. वैशाखातली शिवजयंती आठवड्यावर आलेली, त्यामुळे विषय ठरलेला: बागेतला महाराजांचा ब्रॉन्झचा अश्वारूढ पुतळा. बाळूच्या मंडळानं चिंच, लिंबू, मीठ आणि ब्रासोचे दोन डबे आणून ठेवले होते.

"महाराज सोन्यासारखे चमकले पाहिजेत गा!"

"खुळ्या, तो काय देवघरातला तांब्या हाय घासायला?" फौंड्रीत मोल्डिंगला असलेला परशा उसळला. "अंगावरचा तपकिरी-काळपट थर म्हणजे मळ नव्हं. ओतकाम झालं की धातू टॉर्चनं तापवतात आणि रसायन मारून तो रंग चढवतात. ते त्याचं कातडं. चिंचेनं ते सोललंस की पावसाळ्यात सगळं अंग चट्ट्याचट्ट्यांनी हिरवं होतंय."

ड्रॉइंगचे सर म्हणाले, "मुंबईचा काळा घोडा घे. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननं दिलेला, 1879 चा. धातू ब्रॉन्झ, म्हणजे तांबं-कथिलाचं मिश्रण, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं काळा घोडा. 1965 ला पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी त्या भागाचं नाव तेच राहिलं. ब्रॉन्झ असंच गडद दिसायला पाहिजे."

"बरं, चिंच नको. मिठानं काय होतंय?"

"मीठच सगळ्यात वाईट," परशा म्हणाला. "त्यातलं क्लोराइड तांब्याला भिडलं की फिकट हिरवी भुकटी सुटतेय. बोटानं झाडलीस तर खाली बारीक खड्डा दिसेल. पुसलंस तरी दमट हवा लागली की परत तिथंच येतंय."

इतका वेळ गप्प असलेला मल्लू वेल्डर म्हणाला, "वरच्या रंगावर भांडताय, आत कोण बघणार? घोडा पोकळ असतोय. कवच बहुतेक ठिकाणी पाच-सहा मिलिमीटरचं. ओतताना आतला कोर, म्हणजे साच्यातला गाभा, जागेवर राहावा म्हणून खिळे घातलेले असतात. कोर नीट काढला नाही तर तो स्पंजासारखा पाणी धरतोय. खिळे लोखंडाचे राहिले तर बाहेरून तांबडे ओघळ दिसतात. पायातून चौथऱ्यात गेलेला सांगाडाही लोखंडाचा असेल तर अजून वाईट. लोखंड आणि ब्रॉन्झ एकमेकांना लागून ओलं राहिलं की आधी लोखंड खलास. त्यात गंज फुगतोय, आणि वरचं कवच आतून चिरतंय."

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, तेव्हापासून मल्लू कुठलाही पुतळा बघताना आधी पायाचे सांधे बघतो.

"म्हणून एकसंध ओतावा," बाळू म्हणाला. सरांनीही मान डोलावली: 1928 साली शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी पुण्याचा साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा माझगाव गोदीत एकसंधच ओतला होता. परशाला ते पटेना. धातूचा रस अकराशे अंशांच्या वर पाहिजे, तो मांडीपर्यंत जाऊन थंडावला तर कोल्डशट, म्हणजे रस न जुळल्याची फट, पडून सगळी मेहनत पाण्यात. करमरकरांचं धाडस मोठं, पण सगळ्यांना ते जमेल असं नाही. मल्लूच्या मते तुकडे जोडायला काहीच हरकत नाही, फक्त वेल्डिंगचा रॉड त्याच मिश्रधातूचा पाहिजे. 85 टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच असं ओतकाम असताना भलताच रॉड वापरला तर रंग चढवल्यावर जोडाची रेघ वेगळी उठून दिसते. यावर दोघांचं एकमत झालं नाही.

"ते असू दे. अभिषेक तर थांबणार नाही," बाळू अडून बसला.

"थांबवा म्हणतंय कोण? दूध-दही-मध वाळू द्यायचं नाही, एवढंच. अभिषेक झाला की लगेच साध्या पाण्यानं धुवा. प्रेशरचा पंप नको. हार सुती दोऱ्याचे घाला, तारेनं ओरखडे पडतात." मग परशानं कामाचा क्रम सांगितला. सकाळी बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण, मऊ ब्रश, वरून खाली. स्वच्छ धुऊन पूर्ण सुकू द्यायचं. दुपारी धातू हाताला चांगला गरम लागला की सुती फडक्यानं मेणाचा पातळ हात, गार झाल्यावर कोरड्या कापडानं घासायचं, मग दुसरा हात. जाड थर दिला तर धूळ चिकटते. वैशाखात हे केलं की वळवाच्या आधी मेण बसतं. शिडी लगामाला, तलवारीला किंवा उचललेल्या पायाला टेकवायची नाही, स्वतंत्र परांची बांधायची. सोनेरी ऑइलपेंट तर अजिबात नको, त्याच्याखाली ओल कोंडते.

"आणि पोटाखालचं भोक?" मल्लूनं परत आतला विषय काढला. घोड्याच्या पोटाला आणि खुरांजवळ पाणी निथळायला भोकं ठेवलेली असतात. ओतकामात राहून गेलेलं भोक समजून कुणीतरी त्यात सिमेंट भरतं, आणि मग पावसाचं पाणी पायातच साचून राहतं. "बांबूची काडी घालून बघायचं. स्वच्छ पाणी आलं तर ठीक. तांबडं आलं तर आतला सांगाडा गंजतोय. मग मेण-बिण बाजूला ठेवून जाणकार माणूस बोलवायचा."

ब्रासोचे डबे देवळातल्या समयांसाठी द्यायचं ठरलं. बाळूनं विचारलं, काडी किती लांब लागेल? मल्लूनं हातभर दाखवली. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आधी, टॉर्च घेऊन बागेत भेटायचं ठरलं.