शंभरच्या आत साखर, आणि पेज बंद?

चाकरमान्यांच्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज महिनाभर फिरतोय. ‘डायबेटीसवाल्यांनो, ध्येय एकच: उपाशीपोटी साखर शंभरच्या आत. पेज, भात, आंबा कायमचा बंद. साखरेऐवजी गूळ खा. तीन महिन्यांत गोळ्या सुटतील.’ आमच्या काकांनी तो मनावर घेतला, म्हणून हे लिहितोय.

‘सगळ्यांनी शंभरच्या आत.’ काका 71 वर्षांचे, कुडाळजवळ राहतात, ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतात. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते विचारत नाही, शरीराला साखर उतरवणारं इन्सुलिन स्रवायला लावतेच. त्या दिवशी काकांनी गोळी घेतली, पेज टाळली आणि काजू गोळा करायला बागेत गेले. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बांधावरच बसकण मारली. शेजारच्या वहिनींनी ग्लुकोमीटर आणला: 54. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठे आकडा 70 च्या वर आला. साखर खालीही जाते, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशन बहुतेक प्रौढांना उपाशीपोटी 80 ते 130 सांगते, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 7 टक्क्यांच्या आत. म्हाताऱ्या, इतर दुखणी असलेल्या माणसांसाठी ही मर्यादा सैल करतात. उगाच नाही. ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाच्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेले दहा हजारांवर मधुमेही होते. एका गटाची एचबीएवनसी 6 च्या खाली ओढायचा कसून प्रयत्न झाला. त्याच गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून 2008 मध्ये ते उपचार मध्येच थांबवले.

‘पेज, भात, आंबा बंद.’ ‘पेज सोडलंय तर जगतलंय कसो?’ हा काकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. भात साखर वाढवतो हे खरंच आहे, पण किती आणि कशाबरोबर यावर बरंच ठरतं. उकड्या तांदळाची वाटीभर पेज, सोबत कुळथाची उसळ किंवा बांगड्याचं तिखलं, हे एक. तीन मुदी भात आणि वर घावन-रस, हे दुसरं. हापूसच्या शंभर ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे अर्धा आंबा खायचा, तेवढा भात कमी करायचा आणि दोन तासांनी साखर बघायची. आमरस-पुरीला मात्र मीही नाहीच म्हणेन.

‘गूळ खा.’ गूळसुद्धा उसाचाच. ग्लुकोमीटरला रंग कळत नाही.

‘गोळ्या सुटतील.’ यात थोडं तथ्य आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात वर्षभरात जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह गोळ्यांविना आटोक्यात आला. पण ती माणसं जाडजूड, पासष्टीच्या आतली, आजार सहा वर्षांच्या आतला. आणि त्यांनी बरंच वजन देखरेखीखाली उतरवलं होतं. काका आधीच काडीसारखे, आजार अठरा वर्षांचा.

शेवटी काकांनी आणि डॉक्टरांनी बसून ठरवलं. एचबीएवनसी आठच्या आत पुरे. गोळी पेजेसोबतच. खिशात साखरेची पुडी. आषाढात चालायला रस्ता नसतो, तेव्हा पडवीत अर्धा तास फेऱ्या. शेतात अनवाणी जायचं नाही, रात्री काकू बॅटरी धरून तळपाय बघते. वर्षातून एकदा डोळे आणि लघवीची तपासणी. आणि चतुर्थीला दोन मोदक, हे काकांनी डॉक्टरांकडून आधीच कबूल करून घेतलंय.