‘धुक्यात वेग कमी करू नका’ सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

पौष-माघात पहाटे खाड्यांवर धुकं उतरायला लागलं की बोटवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला एकाच सकाळी चार ठिकाणांहून आला. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: धुक्यात सापडलात तर घाबरू नका. मोबाइलवर जीपीएस लावा आणि आखलेल्या रेषेवरून चला. वेग कमी करू नका, जितक्या लवकर धुक्यातून बाहेर पडाल तितकं बरं. मोठ्या जहाजांना तुम्ही रडारवर दिसताच, आणि मच्छीमार बोटीला वाट देणं हा कायदाच आहे. भोंगा ऐकू आला तर आवाजाच्या उलट दिशेला वळा. पुढे मोठा हॅलोजन लावा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण मी रायगडच्या किनाऱ्यावर दहा मीटरच्या बोटीवर वाढलोय, आणि या मेसेजवर विसंबून कुणाचा मुलगा पहाटे बाहेर पडेल या विचाराने मला झोप लागत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी जीपीएस. जीपीएस उपयोगाचा आहे, तो हवाच. तुम्ही कुठे आहात हे तो काही मीटरांच्या फरकाने सांगतो. पण दुसरा कुठे आहे हे तो सांगत नाही, आणि धुक्यात प्रश्न दुसऱ्याचाच असतो. डोलीची जाळी बांधायला पाण्यात रोवलेले खुंट, वाहून आलेला ओंडका, पावसाळ्यानंतर सरकलेला खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा, यातलं काहीच त्या रेषेवर दिसत नाही. त्यात आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. एका जेट्टीच्या सगळ्या बोटींनी एकच बोया, म्हणजे वाटेची तरंगती खूण, जीपीएसमध्ये पॉइंट म्हणून साठवलेला असतो. जाणारेही त्यावरच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, धरतात आणि येणारेही. पूर्वी होकायंत्रावर चालताना प्रत्येकाची थोडी थोडी चूक व्हायची आणि त्या चुकांमुळेच बोटी एकमेकींपासून लांब राहायच्या. आता सगळे एकाच दोरीवर चालतात.

तीन वर्षांपूर्वी माघात आम्ही परतत होतो. खांदेरी बेटाच्या अलीकडे अचानक सगळं पांढरं झालं. काकांनी इंजिन बंद करून सगळ्यांना गप्प केलं. मिनिटभरात समोरून दुसऱ्या बोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू आली. तीही त्याच पॉइंटवर, पूर्ण वेगात. आम्ही डबा बडवला, ओरडलो, आणि ती बोट आमच्यापासून वीसेक हातांवरून निघून गेली. त्यांच्या तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, नजर मोबाइलवर होती. त्यांच्याही फोनवरची रेषा अगदी बरोबर होती.

रेषा वापरा, पण साठवलेल्या बोयावर थेट चालू नका. त्याच्या उजव्या अंगाला सरकवून पॉइंट धरा, म्हणजे समोरून येणाराही तसंच करत असेल तर दोघं एकमेकांच्या डाव्या बाजूने निघून जाल. होकायंत्रही जवळ असू द्या, आणि गाण्याचा स्पीकर त्याच्याजवळ ठेवू नका. स्पीकरमधल्या लोहचुंबकाने काटा फिरतो.

आता वेग. माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, म्हणून इथे जरा आकडेमोड करू. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तुमची बोट ८ नॉटने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटर. समोरून मालवाहू जहाज १५ नॉटने येतंय, म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. २०० मीटरपर्यंत दिसत असेल, तर जहाज दिसल्यापासून नाळ आपटेपर्यंत तुमच्या हाताशी १७ सेकंद आहेत. त्यात ते काय आहे हे ओळखायचं, ते कुठे चाललंय हे ठरवायचं, सुकाणू फिरवायचं आणि बोटीने वळायचं. जहाज तर थांबणारच नाही, पूर्ण वेगातल्या मोठ्या जहाजाला थांबायला दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर लागतं. समोर आपल्यासारखीच बोट असेल आणि दोघी ८ नॉटने असतील तर २४ सेकंद मिळतात. दोघी ३ नॉटवर असतील तर मिनिटाहून थोडं जास्त. मिनिटभरात माणूस बरंच काही करू शकतो.

समुद्रावरचे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ च्या जुलैपासून लागू झाले. त्यांचा सहावा नियम म्हणतो की वेग असा हवा, की परिस्थिती पाहून योग्य अंतरात थांबता येईल. जुने तांडेल हेच सोप्या मापात सांगतात: जेवढं दिसतं त्याच्या अर्ध्या अंतरात बोट थांबली पाहिजे. पन्नास मीटरवरचं दिसत नसेल तर चालायचंच नाही. आणि ‘लवकर बाहेर पडा’ म्हणजे नेमकं कुठून बाहेर? आपल्याकडचं बरंचसं धुकं रात्री जमिनीवर आणि खाडीत तयार होतं आणि पहाटेचे मतलई वारे ते समुद्रावर ढकलतात. किनाऱ्याकडे येणारा माणूस धुक्यातून बाहेर पडत नसतो, तो आणखी दाट धुक्यात शिरत असतो. ऊन तापलं की ते आपोआप विरतं. धावून ते मागे पडत नाही.

रडारवर तुम्ही दिसताच, हे तिसरं. लाकूड आणि फायबर रडारची लाट फार कमी परतवतात. बोट बुटकी असते, लाटांच्या परताव्यात तिचा ठिपका हरवतो, आणि पडद्यावर लाटांचा गोंधळ कमी करायला खलाशाने बटण फिरवलं तर लाटांबरोबर तुम्हीही पुसले जाता. डोलकाठीवर उंच बांधलेला धातूचा रडार रिफ्लेक्टर बराच फरक पाडतो. तो स्वस्त आहे, तरी आमच्या जेट्टीवर मोजून थोड्याच बोटींवर आहे. आणि रडारवर ठिपका असला तरी जहाजाच्या ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, माणूस तो पाहील याची खात्री नसते. ११ जून २०१७ ला कोचीजवळ ‘अंबर एल’ या मालवाहू जहाजाने ‘कारमेल माता’ या मासेमारी बोटीला रात्री धडक दिली, माणसं गेली. जहाजांनी आपल्याला पाहिलंच असेल, असं धरून चालणाऱ्यांनी ती रात्र आठवावी.

काही जण म्हणतात, आता ट्रान्सपॉन्डर बसलाय, काळजी नाही. १ लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पालघरमध्येच झाला. यंत्र फार कामाचं आहे, संकटात ते संदेश पोहोचवतं. पण ते उपग्रहामार्फत किनाऱ्यावरच्या केंद्राशी बोलतं. जहाजाच्या पडद्यावर तुमचं नाव आणि दिशा उमटवणं हे एआयएस या वेगळ्या यंत्राचं काम. दोन्ही एकच समजू नका.

‘मच्छीमार बोटीला वाट देणं हा कायदा आहे.’ हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं. अठरावा नियम खरोखर सांगतो की इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने मासेमारी करत असलेल्या बोटीला वाट द्यावी. पण हा नियम एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांसाठीच्या भागात आहे. धुक्यात तुम्ही एकमेकांना दिसत नाही, तेव्हा तो लागू नाही, एकोणिसावा लागू होतो. त्यात कुणालाही आधीचा हक्क नाही, सगळ्यांनी सारखीच सावधगिरी घ्यायची. शिवाय मासेमारी करणारी बोट म्हणजे जिची जाळी पाण्यात आहेत आणि त्यामुळे जिला वळणं अवघड आहे ती. मासळी भरून घरी निघालेली बोट ही नियमाच्या नजरेत इंजिनावरची साधी बोट. आणि जाळी पाण्यात असली तरी अरुंद चॅनेलमधून जाणाऱ्या जहाजाची वाट मच्छीमार बोटीने अडवायची नाही, हे नवव्या नियमात स्पष्ट आहे. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीए बंदराच्या वाटेवर, जिथे आपल्या बोटी रोज आडव्या जातात, तिथे हे पाठच असायला हवं.

भोंगा ऐकू आल्यावर उलट वळायचं, या सल्ल्यावर मला जास्त लिहावंसं वाटतं. धुक्यात आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. १८७३ साली जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या साउथ फोरलंड इथे भोंग्यांचे प्रयोग केले. तेव्हा दिसून आलं की धुकं आवाज गिळतं ही समजूत चुकीची आहे. उलट कधी स्वच्छ हवेत आवाज अडतो आणि दाट धुक्यातून लांबवर जातो. म्हणजे मोठा आवाज जवळचाच आणि बारीक आवाज लांबचाच, असं धरता येत नाही. ज्या आवाजाची दिशा पक्की नाही त्याच्या ‘उलट’ तरी कुठे वळायचं?

एकोणिसावा नियम सांगतो: आवाज पुढच्या अंगाने आल्यासारखा वाटला तर वेग इतका उतरवा की फक्त सुकाणू लागेल, गरज पडली तर बोट पूर्ण थांबवा, आणि धोका टळेपर्यंत फार जपून चला. वळायला सांगत नाही. रडारवर पुढून येणारं जहाज दिसत असेल तर डावीकडे वळणं टाळा, हेही त्याच नियमात आहे. ते का, याचं मोठं उदाहरण २५ जुलै १९५६ चं आहे. अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ धुक्यात ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही दोन प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली. दोन्हींवर रडार होतं, दोघांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. पण एक डावीकडे वळलं आणि दुसरं उजवीकडे, म्हणजे दोघंही एकाच बाजूला. ५१ माणसं गेली. इतकी मोठी जहाजं, इतके शिकलेले कप्तान, आणि तरी हे झालं. आपल्या हातात तर बहुतेक वेळा रडारही नसतं.

हॅलोजनबद्दल थोडक्यात. धुक्याचे थेंब तो प्रकाश तुमच्याच डोळ्यांवर परत फेकतात, पुढे पांढरी भिंत उभी राहते आणि अंधाराला सरावलेली नजर जाते. नियमातले दिवे मात्र दिवसाही लावा. दिसणं कमी असताना ते बंधनकारक आहेत.

मेसेजमध्ये जे नाही ते त्यात असलेल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. आवाज करा. इंजिनावर चालताना दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, चार ते सहा सेकंदांचा. थांबून तरंगत असाल तर दोन लांब, मध्ये दोन सेकंद. जाळी पाण्यात असतील तर एक लांब आणि दोन आखूड. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला ठरावीक भोंग्याची सक्ती नाही, पण ऐकू जाईल असा काहीतरी आवाज दर दोन मिनिटांच्या आत करावाच लागतो. पातेलं चालतं, डबा चालतो. हाताने दाबायचा गॅसचा भोंगा असेल तर उत्तम. एक माणूस नाळेवर, इंजिनापासून लांब, फक्त ऐकायला उभा करा, आणि काही मिनिटांनी इंजिन बंद करून सगळ्यांनीच ऐका. केबिनमध्ये कुणी झोपू नका. लाइफ जॅकेट अंगात हवं, गादीखाली नको. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६ वर कान ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये साठवलेला असू द्या.

आणि शक्य असेल तर उथळात या. फिश फाइंडर नसेल तर शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजा. चार-पाच वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात मोठं जहाज सहसा शिरत नाही, त्याचा तळ टेकायची भीती असते. लाट फुटते तिथपर्यंत मात्र जाऊ नका, आणि बोटींच्या रोजच्या वाटेवर नांगर टाकू नका.

त्या दिवशी ती बोट निघून गेल्यावर काकांनी तेच केलं. दोरी सोडून सोडून किनाऱ्याकडे सरकलो, चार वावांवर नांगर टाकला आणि मी भाताच्या टोपाचं झाकण वाजवत बसलो. भोवती कुणाकुणाची इंजिनं जवळ येत आणि लांब जात होती, दिसत काहीच नव्हतं. साडेनऊच्या सुमाराला आधी डोक्यावरचं आकाश निळं झालं, मग खांदेरीच्या दीपगृहाचा मनोरा दिसला, मग पाणी. जेट्टीवर पोहोचलो तेव्हा लिलाव आटपला होता आणि सुरमई पडत्या भावाने द्यावी लागली. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाजूला बांधलेल्या त्या दुसऱ्या बोटीच्या तांडेलाला हाक मारून त्यांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या फोनवरचा तो बोया उजवीकडे सरकवून दिला.