अहवालात माझे नाव नव्हते

मित्रांनो, आज दुपारी साडेतीन वाजता आमच्याच कंपनीच्या नेटवर्क टीममधील एका जागेसाठी माझी मुलाखत सुरू झाली आणि पावणेचार वाजता ती आटोपली. त्या पंधरा मिनिटांतले शेवटचे वाक्य होते, "तुमची तयारी चांगली आहे, परंतु तुम्हाला नेटवर्किंगचा प्रत्यक्ष अनुभव नाही." डेस्कटॉप सपोर्टमध्ये सहा वर्षे काढल्यावर हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकले. एरवी मी येथे फेसबुकवर असे काही लिहीत नाही. आज मात्र वाकडच्या खोलीवर आल्यापासून घास घशाखाली उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचे काम काय असते हे तुमच्यातील बहुतेकांना ठाऊक आहेच. पासवर्ड रीसेट, लॅपटॉप बदलून देणे, अडकलेले आउटलुक सुरू करणे, प्रिंटरपुढे गुडघे टेकून बसणे, आणि प्रत्येक टिकटामागे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीमागे, एसएलएची (ठरलेल्या वेळेत काम संपवण्याच्या बंधनाची) धावपळ. मजल्यावरील संगणकांना नेटवर्कशी जोडणारे यंत्र म्हणजे स्विच. त्या स्विचचे लॉगिन आणि ते जेथे बसवलेले असतात त्या हब रूमची किल्ली या दोन्ही गोष्टी नेटवर्क टीमकडे असतात. त्या खोलीत आम्हाला प्रवेश मिळतो तो फोनवरून कोणी "तेविसाव्या पोर्टातील कॉर्ड काढून चोविसाव्यात लावा" असे सांगितले तर, आणि कॉर्ड लावून झाली की दार पुन्हा बंद होते.

आता २०२३ च्या पावसाळ्यातील एका सोमवारची गोष्ट सांगतो, कारण आजचा माझा सगळा संताप तिच्याशी बांधलेला आहे. सकाळी नऊच्या सुमारास चौथ्या मजल्यावरून एकामागून एक फोन येऊ लागले की इंटरनेट नाही, ग्राहकांचे कॉल तुटत आहेत. विचित्र बाब अशी होती की शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा संगणक व्यवस्थित चालत होता आणि दुसऱ्याचा ठप्प होता. दुसऱ्या शहरात बसलेल्या नेटवर्क टीमकडे टिकट गेले आणि उत्तर आले की आमच्या बाजूने सर्व लिंक सुरू आहेत, संगणक तपासा. मी एका ठप्प संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, म्हणजे संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता दाखवणारी कमांड, चालवली. आमच्या मजल्यावरील पत्ते १० या आकड्याने सुरू होतात, पण तेथे १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता बसला होता आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग, म्हणून १९२.१६८.०.१ दिसत होते. घरगुती वाय-फाय राउटरमध्ये असतो तसा तो पत्ता होता. ब्राउझरमध्ये तो टाकताच राउटरचे लॉगिन पान समोर आले आणि मला सारा प्रकार कळला. कोणीतरी बाहेरचा राउटर भिंतीतील पोर्टला जोडला होता, तो आमच्या डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या, आधी उत्तर देत होता आणि सकाळी नव्याने सुरू झालेल्या संगणकांना चुकीचे पत्ते वाटत होता. ज्यांचे संगणक रात्रभर सुरू राहिले होते त्यांच्याकडे जुना पत्ता टिकून होता, म्हणून त्यांचे काम अडले नव्हते.

माझ्याकडे स्विचचे लॉगिन असते, अगदी केवळ पाहण्यापुरते असते, तर त्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोणत्या पोर्टवर दिसतो हे एका कमांडने समजले असते. ते नव्हते, म्हणून मी मजला पायी पालथा घातला. एकेका टेबलाखाली वाकून पाहत मी प्रशिक्षणाच्या खोलीपर्यंत पोहोचलो आणि तेथे प्रोजेक्टरच्या टेबलामागे, गुंडाळलेल्या केबलींच्या गठ्ठ्यावर, दोन अँटेना असलेला एक पांढरा राउटर हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला सापडला. शुक्रवारी आलेल्या प्रशिक्षकांनी टॅबलेटसाठी तो लावला होता आणि नेण्यास ते विसरले होते. मी त्याची केबल काढली, त्यानंतर अडतीस संगणकांवर एकेक करून पत्ता सोडवून नवा घ्यायला लावला, आणि साडेदहाच्या आत मजला सुरू झाला. त्याच दुपारी मी मेल करून सुचवले की ॲक्सेस स्विचवर, म्हणजे ज्यांना संगणक थेट जोडलेले असतात त्या स्विचवर, डीएचसीपी स्नूपिंग सुरू करावे, म्हणजे विश्वासू ठरवलेल्या पोर्टाखेरीज अन्य कोठूनही आलेले डीएचसीपीचे उत्तर स्विच स्वतःच अडवील. आठ दिवसांनी ते सुरू झाले.

घटनेच्या अहवालात काय लिहिले गेले? "नेटवर्क टीमने अनधिकृत डीएचसीपी सर्व्हर शोधून काढला. डेस्कटॉप टीमने साहाय्य केले." एवढेच.

आज मुलाखतीत मला विचारले गेले, "तुम्ही डीएचसीपी स्नूपिंग स्वतः कॉन्फिगर केले आहे का?" मी खरे ते सांगितले की माझ्याकडे स्विचचा ॲक्सेस नाही, परंतु चौथ्या मजल्यावर ते का सुरू झाले हे मी सांगू शकतो. मी ती सकाळ सांगू लागलो. समोरच्या साहेबांनी लॅपटॉपवर अहवाल उघडला, वाचला आणि म्हणाले, "ही केस तर आमच्या टीमने हाताळली होती. यात तुमचे नाव कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या टेबलाखाली मी वाकलो होतो, माझ्या पँटच्या गुडघ्यांना धूळ लागली होती, हे कोणत्या कागदावर दाखवायचे?

तयारी कर म्हणून सांगणाऱ्यांनी कृपया थोडे थांबावे. तयारी मी केली आहे. २०२२ च्या जूनमध्ये मी सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झालो. २००-३०१ क्रमांकाच्या या दोन तासांच्या परीक्षेची फी ३०० डॉलर आणि त्यावर कर, म्हणजे त्या वेळच्या माझ्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक रक्कम होती. सोलापूरला वडिलांना पाठवायचे पैसे दोन महिने थोडे थोडे कमी करून मी ती भरली. संगणकावरच नेटवर्कचा सराव करण्याचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, पण खऱ्या पोर्टांना हात लागावा म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचा जुना कॅटालिस्ट २९६० स्विच आणला. त्याचा पंखा एवढा आवाज करतो की खोलीतील सहकारी झोपण्यापूर्वी तो बंद करायला लावतो. त्या स्विचवर मी डीएचसीपी स्नूपिंग किमान पन्नास वेळा लावले आणि काढले आहे, घरचाच राउटर जोडून त्याची उत्तरे अडवलेली पाहिली आहेत. मुलाखतीत हे सांगितले तेव्हा "होम लॅब हा अनुभव धरला जात नाही" असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि ती गेल्या वर्षी जूनमध्ये संपली. ज्या कागदाच्या बळावर मला कंपनीच्या स्विचवर काम करायचे होते तो कागद कालबाह्य झाला, आणि त्या तीन वर्षांत कंपनीच्या एकाही स्विचवर मला लॉगिन करू दिले गेले नाही. आता पुन्हा फी भरा, पुन्हा परीक्षा द्या, आणि पुन्हा ऐका की प्रत्यक्ष अनुभव नाही.

मान्य आहे, चालू नेटवर्क कोणाच्याही हाती देता येत नाही. ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) वाहून नेणाऱ्या पोर्टवर, नवा व्हीलॅन जोडताना "ॲड" हा एक शब्द राहून गेला की आधीचे सारे व्हीलॅन त्या पोर्टवरून उडतात आणि मजलेच्या मजले बंद पडतात, हे मलाही ठाऊक आहे. ज्या फेसबुकवर मी हे लिहितो आहे ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुमारे सहा तास जगभर बंद पडले, त्याचे कारणही देखभालीच्या कामात दिलेली एक चुकीची कमांड हेच होते. परंतु ती कमांड हेल्पडेस्कवरील कोणी दिली नव्हती. आणि मी कमांड देण्याचा अधिकार मागतच नाही. केवळ पाहण्यापुरता ॲक्सेस द्या, शनिवारी रात्री बदल करताना मागे उभे राहू द्या, एवढेच माझे मागणे आहे. ते अर्ज करून तीनदा मागितले. दोनदा उत्तर आले नाही, आणि तिसऱ्यांदा सांगण्यात आले की तुम्ही थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर, आहात, तुम्हाला तो ॲक्सेस धोरणात बसत नाही. मग त्याच पेरोलवरील माणसाकडून अडतीस संगणक सुरू करून घेणे कोणत्या धोरणात बसले होते?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे की सगळेच तसे नाहीत. नेटवर्क टीममधील एका सरांनी मागच्या दिवाळीत, कार्यालय रिकामे असताना, मला शेजारी खुर्ची ओढून बसवले आणि स्पॅनिंग ट्रीमध्ये, म्हणजे स्विचमधील जोडण्यांचे वर्तुळ होऊ न देणाऱ्या व्यवस्थेत, कोणता स्विच रूट (मुख्य) झाला आहे हे प्रत्यक्ष स्क्रीनवर दाखवले. अर्धा तास गेला असेल त्यांचा. पुस्तकातील जे चित्र मी वर्षभर डोक्यात फिरवत होतो ते त्या अर्ध्या तासात जागेवर बसले. त्या सरांनी नंतर नोकरी बदलली आणि ती खुर्चीही गेली. त्यांना मी आजही सणासुदीला फोन करतो.

आमच्याकडे लातूरचा एक मुलगा चार महिन्यांपूर्वी रुजू झाला आहे. मुलाखतीहून परतलो तेव्हा माझा चेहरा पाहून त्याने काही विचारले नाही, चहा आणून ठेवला आणि मग हळूच म्हणाला, "दादा, मी सीसीएनएची फी भरू की नको?" त्याला भर असेही म्हणवेना आणि नको असेही म्हणवेना. मी त्याला रविवारी खोलीवर यायला सांगितले आहे, स्विच आहेच. आज सकाळीच त्याने सहाव्या मजल्यावरील प्रिंटर मध्येच का गायब होतो हे शोधले होते. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपातून वगळलेलाच नव्हता, आणि तोच एका लॅपटॉपला मिळत होता. संध्याकाळी ते टिकट बंद करताना कारण कोणी शोधले या ओळीत मी त्याचे पूर्ण नाव आडनावासह लिहिले.

त्यानंतर २०२३ च्या त्या अहवालात दुरुस्ती करावी अशी मागणी करणारा मेल मी लिहिला, त्या दिवशीचा माझा मूळ मेल त्याला जोडला आणि आमच्या व्यवस्थापकांसोबत मुलाखत घेणाऱ्या साहेबांनाही पाठवला. सात वाजून दहा मिनिटांनी तो गेला आहे. आता साडेअकरा झाले आहेत आणि अजून उत्तर आलेले नाही.